रोख मदत आणि बाळाची पहिली वर्षे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शहरातील गरीब कुटुंबांच्या हातात सरकारने रोख रक्कम दिली, तर त्या घरांतील तान्ह्या मुलांच्या वाढीत काय फरक पडतो, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रांचा आशय थोडक्यात दिला असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : अमेरिकेत गरीब आयांना चार वर्षे दरमहा पैसे दिले, तरी त्यांच्या मुलांमध्ये फरक पडला नाही, अशी बातमी वाचनात आली. तसे असेल तर आपल्याकडे 'लाडकी बहीण'सारख्या योजनांवर होणारा खर्च निदान मुलांच्या दृष्टीने वाया गेला, असेच म्हणावे लागेल ना? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : बातमी खरी आहे, पण तो प्रयोग पुरता समजून घेतला तर निष्कर्ष इतका सरळ निघत नाही. 'बेबीज फर्स्ट इयर्स' या नावाने तो ओळखला जातो. मे २०१८ ते जून २०१९ या काळात न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स, ओमाहा आणि मिनिआपोलिस-सेंट पॉल या चार शहरी भागांतील रुग्णालयांत नुकत्याच बाळंत झालेल्या, दारिद्र्यरेषेखालील १,००० मातांना त्यात सामील करून घेण्यात आले. कोणाला किती रक्कम मिळणार हे चिठ्ठी काढावी तसे ठरवले गेले आणि त्यानुसार ४०० मातांना दरमहा ३३३ डॉलर, तर ६०० मातांना दरमहा २० डॉलर मिळू लागले. बाळ ज्या तारखेला जन्मले, त्या तारखेला दर महिन्याला ही रक्कम एका डेबिट कार्डावर जमा होत असे आणि ती कशावर खर्च करावी याची कसलीही अट नव्हती. मोठी रक्कम मिळणाऱ्या घरांच्या उत्पन्नात त्यामुळे साधारण एक पंचमांश भर पडली.

मुले वर्षाची झाल्यावर त्यांच्या मेंदूतील विद्युत-लहरी मोजायच्या होत्या. कोविडच्या महासाथीमुळे घरोघरी जाणे थांबले आणि ४३५ मुलांचीच नोंद हाती आली. जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दिसले की, मोठी रक्कम मिळालेल्या घरांतील मुलांमध्ये जलद लहरींचे प्रमाण अधिक होते, आणि पुढे भाषा व विचारशक्ती विकसित होण्याशी अशा लहरींचा संबंध पूर्वीच्या अभ्यासांत आढळलेला होता. पैशाने मेंदू घडतो, अशा अर्थाचे मथळे तेव्हा जगभर झळकले. २०२५ मध्ये, मुले चार वर्षांची असतानाचे निष्कर्ष बाहेर आले. भाषा, स्वतःवर ताबा ठेवण्याची क्षमता, वागणूक आणि मेंदूतील लहरी यांपैकी कशातही दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता, आणि आपण वाचली ती बातमी याच निष्कर्षांची आहे.

माझ्या मते दोन्ही वेळी घाई झाली. ज्या काळात ही मुले वाढत होती, त्याच काळात महासाथ आली, महागाई भडकली आणि ३३३ डॉलरचा आकडा मात्र तोच राहिला. शिवाय २०२१ च्या जुलै ते डिसेंबर या महिन्यांत अमेरिकी सरकारने सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे महिना ३०० डॉलरपर्यंत रक्कम बहुतेक सर्वच कुटुंबांना दिली, त्यामुळे वीस डॉलर मिळणाऱ्या घरांच्या हातातही त्या वर्षी पैसा होता. तरीही ही सर्व कारणे मांडून झाल्यावर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एवढी रक्कम एवढ्या काळासाठी दिली, तर तेवढ्याने मूल अधिक शब्द बोलू लागेल, ही अपेक्षा या प्रयोगात खरी ठरली नाही.

मात्र त्याच प्रयोगात दुसरेही काही दिसले, ज्याची बातमी फारशी झाली नाही. मोठी रक्कम मिळालेल्या मातांनी मुलांची पुस्तके, खेळणी, कपडे यांवर अधिक खर्च केला आणि मुलांना गोष्ट सांगणे, त्यांच्याशी खेळणे यांत अधिक वेळ घालवला. दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही. गरिबाच्या हाती पैसा दिला की तो उधळला जातो, हा समज आपल्याकडे जितका घट्ट आहे तितकाच तिकडेही आहे, आणि तो तपासून पाहिल्यावर टिकला नाही. २०२१ मधील त्या सरकारी रकमेचेही असेच आहे. अमेरिकेतील सरकारी मदत धरून मोजलेले बालदारिद्र्याचे प्रमाण त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरले आणि मदत बंद झाल्यावर २०२२ मध्ये १२.४ टक्क्यांवर गेले. घरातील ओढाताण कमी करणे हे रोख मदतीचे पहिले काम आहे आणि ते काम पैसा चोख करतो. मुलाची शब्दसंपत्ती वाढली नाही म्हणून भरलेले पोट आणि फिटलेले भाडे यांची किंमत शून्य धरणे मला न्याय्य वाटत नाही.

आता 'लाडकी बहीण' योजनेविषयी. २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाख रुपयांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देते. लाभार्थी स्त्रीला लहान मूल असलेच पाहिजे असे नाही, त्यामुळे बालविकासाच्या कसोटीवर तिला पास-नापास ठरवता येणार नाही. तान्ह्या बाळाशी थेट नाते असलेली योजना म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजना. तीत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत (३,००० व २,०००), आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या हजार दिवसांवर पाच हजार वाटून पाहा. दिवसाला पाच रुपये होतात. तमिळनाडूची १९८७ पासून चालत आलेली मातृत्व साहाय्य योजना याच कामासाठी १८,००० रुपयांपर्यंत पोहोचली आहे. आपल्याकडे पैशाने मुलांचे भले होते का, हा वाद घालण्यापूर्वी तो पैसा भले होण्याइतका आहे का, हे विचारायला हवे.

प्रश्न : माझ्या वस्तीतील एक बाई चार घरी पोळ्या करते. ती सकाळी साडेसहाला निघते तेव्हा सव्वा वर्षाचे बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात असते आणि त्या मुलीची शाळा बुडते. मातृवंदनेचा हप्ता आला तो तिने वाण्याची उधारी आणि खोलीचे थकलेले भाडे यांत घातला. लोक म्हणतात, पैसा बाळापर्यंत पोहोचलाच नाही. मी त्यांना काय सांगावे? (एक अंगणवाडी सेविका, कल्याण)

उत्तर : ताई, पैसा बाळापर्यंत पोहोचला, हे आपण ठामपणे सांगावे. शहरात भाडे थकले की खोली सोडावी लागते आणि खोली सुटली की वस्ती सुटते. नव्या वस्तीत अंगणवाडीत नाव नसते, आशा सेविका ओळखीची नसते, माता-बाल सुरक्षा कार्ड सामानात कुठेतरी राहून जाते आणि राहिलेली लस कोणती हे सांगायला कोणी नसते. थकलेले भाडे फेडून त्या बाईने आपल्या बाळाचे हे सर्व धागे तुटू दिले नाहीत. वाण्याची उधारी फिटली म्हणजे उद्या दूध आणि अंडी पुन्हा उधारीवर मिळण्याची सोय झाली. गरीब घरात बाळाचा खर्च आणि घराचा खर्च अशा दोन वेगळ्या वह्या नसतात.

तथापि आपल्या पत्रातील खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. त्या बाळाला सकाळी साडेसहापासून आई परत येईपर्यंत मोठे माणूस मिळत नाही, आणि ही उणीव हप्त्याच्या रकमेने भरून निघण्यासारखी नाही, कारण तो हप्ता तिच्या एका महिन्याच्या कमाईचीही जागा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये बालसंगोपनाचा जो आराखडा मांडला, त्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकण्याच्या संधी आणि मुलाच्या हाकेला ओ देणारे माणूस अशा पाच गोष्टी एकत्र धरल्या आहेत. पहिल्या दोन-तीन गोष्टींना पैसा बराचसा पुरतो. शेवटच्या दोहोंना माणूस लागतो.

याचा पुरावा जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतून मिळालेला आहे. तेथे १९८६-८७ मध्ये सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या १२९ मुलांचे गट केले. काहींना दर आठवड्याला दुधाची पावडर दिली, काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईला बाळाशी खेळायला आणि बोलायला शिकवत असे, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना यांपैकी काहीच मिळाले नाही. हे दोन वर्षे चालले. ती मुले बावीस वर्षांची झाल्यावर त्यांचा माग काढला, तेव्हा ज्यांच्या घरी आरोग्यसेविका जात होती त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक असल्याचे आढळले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. नुसत्या दुधाच्या पावडरीचा कमाईवर असा परिणाम दिसला नाही. हीच पद्धत पुढे ओडिशातील कटक शहराच्या ५४ झोपडवस्त्यांत ४२१ मुलांवर वापरून पाहिली गेली. वस्तीतल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना दीड वर्ष दर आठवड्याला घरोघरी पाठवले गेले आणि मुलांची समज स्पष्टपणे सुधारली.

त्या गृहभेटीत काय होते, हे आपणासारख्या अनुभवी सेविकेला नवे वाटणार नाही. ताई येते ती पिशवीत चिंध्यांचा चेंडू, प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणे आणि पुठ्ठ्यावर काढलेली चित्रे घेऊन. ती खेळणे आईच्या हातात देते, बाळाच्या हातात देत नाही. आई झाकण डब्यात टाकते, 'टाकलं' म्हणते, थांबते, बाळ काय करते ते पाहते आणि बाळाने आवाज काढला की त्याला उत्तर देते. जाताना ताई खेळणे घरी ठेवून जाते आणि पुढच्या आठवड्यात ते नेऊन दुसरे आणते. जवळच्या, फुकटच्या वस्तूंतून शिकवण्याचे हे तंत्र ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि कोसबाडला कितीतरी आधी रुजवले होते. ती परंपरा आपल्या दारची असताना आज शहरी सेविकेचा दिवस पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमधील नोंदी, सर्वेक्षणे आणि भाड्याच्या एका खोलीतील हजेरी यांत जातो आणि गृहभेट वजन-उंचीपुरती उरते, याचे मला मनापासून दुःख होते.

म्हणून आपण प्रकल्प कार्यालयाकडे दोन गोष्टींची मागणी लेखी करावी. पहिली, केंद्राच्या 'पाळणा' योजनेतून अंगणवाडीसह पाळणाघर आपल्या भागात मंजूर होण्याची. दुसरी, शून्य ते तीन वयोगटासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढलेल्या 'नवचेतना' आराखड्यानुसार गृहभेटींचे प्रशिक्षण आणि त्यासाठी वेगळा वेळ मिळण्याची. त्या आठ वर्षांच्या मुलीचेही बालपण यात अडकले आहे आणि तिची शाळेतील गैरहजेरी हे पाळणाघराच्या मागणीसाठी सर्वांत सबळ कारण आहे, हे अर्जात अवश्य लिहावे.

प्रश्न : मी एका कंपनीत पॅकिंगचे काम करते. मुलगा चौदा महिन्यांचा आहे. मला 'लाडकी बहीण'चे दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण त्यातले बरेचसे शेजारच्या काकूंना द्यावे लागतात, कारण मी कामावर असताना त्या बाळाला सांभाळतात. उरलेल्या पैशांत त्याच्या बुद्धीसाठी काय घ्यावे? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : काकूंना देता ते पैसे त्याच्या बुद्धीसाठीच दिलेले आहेत, असे समजा आणि त्यात हात आखडू नका. काकू त्याच्याशी बोलतात का, की दिवसभर मोबाइल हातात देतात, एवढे मात्र प्रेमाने विचारून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये. काकूंना मोकळेपणाने सांगा की भाजी निवडताना त्याला जवळ बसवले, एक मटार त्याच्या हातावर ठेवून त्याचे नाव घेतले, तो काही बोलला की त्याला उत्तर दिले, तरी पुष्कळ झाले. मटार किंवा शेंगदाणा अख्खा मात्र खायला देऊ नये, तो घशात अडकू शकतो.

उरलेल्या पैशांतून अंडी, डाळ, दूध, फळ घ्या आणि शेंगदाण्याचे कूट त्याच्या जेवणात घाला. या वयात रक्त कमी असणे फार सर्रास आढळते आणि त्याचा परिणाम थेट शिकण्यावर होतो, म्हणून लोहाचे औषध आशाताईंकडे किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मागा. ते विनामूल्य मिळते. बुद्धी वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि बॅटरीवर बोलणारी महाग खेळणी यांवर एक रुपयाही घालू नका. कामावरून दमून आल्यावर वेगळा वेळ काढणे कठीण असते, हे मी जाणतो. त्याला आंघोळ घालताना, भरवताना आणि झोपवताना तुम्ही तशाही त्याच्याजवळ असता. तेव्हा वाटी, पाणी, पाय, नाक अशी नावे घेत राहा, आजीची बडबडगीते म्हणा आणि तो जिकडे बोट दाखवील तिकडे पाहून त्याला उत्तर द्या.

प्रश्न : पैसे देताना लसीकरण, वजन, तपासणी अशा कडक अटी घातल्या, तर मुलांचा अधिक फायदा होणार नाही का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अटींची पद्धत मेक्सिकोमुळे जगभर गेली. तेथे १९९७ मध्ये ग्रामीण भागात सुरू झालेल्या आणि नंतर शहरांतही नेलेल्या योजनेत मुलांची शाळा व दवाखान्याच्या भेटी यांवर रक्कम अवलंबून होती, आणि ज्या कुटुंबांना अधिक रक्कम मिळाली त्यांच्या मुलांची उंची व भाषा अधिक चांगली असल्याचेही २००८ मधील अभ्यासात दिसले. आपल्या मातृवंदनेतही गर्भारपणाची नोंदणी, तपासणी, जन्मनोंद आणि पहिले लसीकरण या अटी आहेतच. एवढ्या मला पुरेशा वाटतात. त्याहून कडक अट घातली, तर लसीकरणाच्या दिवशी जिला खाडा करता येत नाही आणि रोजंदारी बुडवणे परवडत नाही, तिचाच हप्ता अडतो. म्हणजे जिला सर्वाधिक गरज तीच गळते. पहिले बाळंतपण माहेरी, कार्ड एका गावचे, आधारवर लग्नापूर्वीचे नाव आणि बँक खाते तिसरीकडेच, अशी स्थिती असलेल्या मुलीला कागदांच्या अटी आधीच पुष्कळ आहेत.

प्रश्न : अंगणवाडीतून घरी नेण्यासाठी मिळणारा टीएचआरचा आहार मुले आवडीने खात नाहीत. त्याऐवजी सरळ पैसेच खात्यावर का देऊ नयेत? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला पुष्टी देणारा एक प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. २०११ मध्ये पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगर येथे 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेच्या सहभागाने काही गरीब कुटुंबांना वर्षभर रेशनऐवजी दरमहा १,००० रुपये देण्यात आले. त्या कुटुंबांच्या अन्नात तूट आली नाही, उलट धान्याखेरीज इतर पौष्टिक पदार्थांकडे वळण्यास त्यांना वाव मिळाला. तरीही टीएचआर बंद करून पैसे द्यावेत, असे मी म्हणणार नाही. डाळ-तेलाचे भाव वाढले तरी पाकिटाचे वजन घटत नाही, खात्यावरची रक्कम मात्र वर्षानुवर्षे तीच राहते. पाकीट घ्यायला आई अंगणवाडीत येते, तेव्हा बाळ सेविकेच्या नजरेसमोर येते आणि वजनकाट्यावर बसते. ही भेट बंद करून हाती येणारे काहीशे रुपये मला स्वस्त वाटत नाहीत. पाकिटाची चव आणि दर्जा सुधारण्याचा आग्रह आपण सर्वांनी धरावा आणि रोख मदत त्याच्या जोडीला मागावी.

प्रश्न : आमचे मराठी मंडळ मिनिआपोलिसमध्ये आहे. पुण्यातील एखाद्या वस्तीतील लहान मुलांसाठी काही करण्याची आमची इच्छा आहे. कुटुंबांना रोख मदत द्यावी की खेळण्यांचे केंद्र काढावे, याविषयी सभासदांत दुमत आहे. (मंडळाचे एक पदाधिकारी)

उत्तर : वर ज्या प्रयोगाची माहिती दिली, तो अंशतः आपल्याच शहरात चालला, त्यामुळे मंडळात त्यावर चर्चा झाली असेल. माझा सल्ला असा की, मंडळाने पैसा मुख्यतः माणसांच्या पगारासाठी द्यावा. वस्तीतील दोन-तीन स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना दरमहा नीट मानधन दिले, तर त्या गृहभेटी करतील आणि पाळणाघरही चालवतील. खेळण्यांनी भरलेले खोके पाठवले आणि ते उघडणारे माणूस नेमले नाही, तर ते कुलपातच राहते.

रोख मदतही अवश्य द्यावी, परंतु एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम द्यावी, कारण येणारी रक्कम कधी येईल हे ठाऊक असले तरच आई भाडे, दूध आणि औषध यांची जुळणी आधीपासून करू शकते. तिच्याकडे पावत्या मागू नयेत आणि मदत स्वीकारतानाची छायाचित्रे काढू नयेत. बाळ किंवा आई रुग्णालयात दाखल झाल्यास लगेच देता येईल असा थोडा निधी वेगळा ठेवावा, कारण अशा एका आठवड्यात वर्षाची बचत संपते आणि घर पुन्हा कर्जात जाते. जी स्थानिक संस्था निवडाल तिच्याकडे विदेशी देणगी स्वीकारण्याची केंद्र सरकारची नोंदणी आहे ना, हे पैसे पाठवण्यापूर्वी तपासून घ्यावे, आणि किमान दोन वर्षांचा पगार हाती असल्याशिवाय काम सुरू करू नये.